मक्यातले चोवीस बंगले

श्यामकांतराव वाकनीसांनी मक्यावर एक पुस्तिका लिहिली होती, ही गोष्ट दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत, फार थोड्यांना माहीत होती. आणि ज्यांना माहीत होती, त्यांना ती श्यामकांतरावांनीच सांगितली होती. पुस्तिकेचं नाव ‘मका कापणी यंत्राचा अग्रभाग : निगा व दोषनिवारण’. कृषी खात्यात अवर सचिव म्हणून बसल्याबसल्या त्यांनी ती परदेशी कंपनीच्या माहितीपत्रावरून तयार केली होती. मका त्यांनी तोवर सरोजिनी नगरच्या मार्केटबाहेर, निखाऱ्यावर भाजलेला, लिंबू-मीठ चोळलेला, एवढाच पाहिला होता. पण ज्या विषयाचा अनुभव नाही त्यावर माणूस तटस्थपणे लिहू शकतो, असं त्यांचं मत होतं. सरकारचंही तेच मत असावं, कारण पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली होती.

नव्वदीनंतर दिल्लीच्या हवेत काहीतरी फिरलं. काल-परवापर्यंत दुधाच्या डेपोच्या रांगेत उभी राहणारी माणसं एकाएकी ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणू लागली. त्याच हवेत चोवीस मराठी सरकारी कुटुंबांनी मिळून ‘आपुलकी सहकारी गृहनिर्माण संस्था’ काढली आणि हरियाणात, मानेसरच्या पुढे, एका चौधरीकडून शेत विकत घेतलं. चौधरीने त्या शेताची गाडी घेतली आणि मोबाइल घेतला, आणि तो रोज त्या गाडीत बसून आपल्या जुन्या शेताकडे बघू लागला. एवढी करमणूक त्याला शेती करताना कधी झाली नव्हती.

जमीन कागदावर शेतीची होती. घरं बांधायची परवानगी येईपर्यंत तिच्यात पीक उभं दिसलं पाहिजे, असा मुद्दा दत्तात्रय मोकाशींनी काढला. मोकाशी ऑडिटमधून निवृत्त झालेले. ते मुद्दा काढतात तेव्हा तो बरोबर असतो, म्हणून ते कुणाला आवडत नसत. मग सभेत ठरलं की मका लावावा. पण शेत सर्वांनी मिळून पेरायचं म्हटल्यावर कोण किती राबलं हा हिशेब आला असता. म्हणून ज्याने-त्याने आपापल्या प्लॉटवर आपापला मका पेरावा, असं एकमताने मंजूर झालं. जुलैमध्ये प्लॉटांच्या कोपऱ्यांवर नंबर घातलेल्या लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि रविवारी डबे घेऊन मंडळी पेरायला गेली. खुंट्या गुडघाभर उंच होत्या. ऑक्टोबरात मका पुरुषभर उंच झाला, आणि खुंट्या कुठे आहेत हे विचारायचं कुणाला कारण पडलं नाही.

परवानगी आली ती नवरात्राच्या तोंडावर. दसऱ्याला भूमिपूजन ठरलं. तेवढ्यात मका काढायला हवा. मोकाशी म्हणाले, “दहा मजूर लावा, विळे घेऊन येतील, दिवसभरात संपेल.” श्यामकांतराव हसले. ज्या देशात गुडगावात काचेच्या इमारती उठतायत त्या देशात विळा, असं ते म्हणाले, आणि आपल्या खात्याच्या शेडमध्ये मक्याचा हेड, म्हणजे कापणीचा पुढचा भाग, असलेला कंबाइन हार्वेस्टर ताडपत्रीखाली बसून आहे, तो प्रात्यक्षिकासाठी आणतो, असं त्यांनी भर सभेत जाहीर केलं. संस्थेच्या अध्यक्षा प्रभाताई रणभिसे. रेल्वे मंत्रालयात तीस वर्षं काढल्यामुळे कुठलाही वाद कुठल्याही फलाटावर थांबवायची त्यांना कला होती. त्या म्हणाल्या, “चलो, ठरलं. जो जमीन साफ करून देईल, त्यानेच दसऱ्याला पहिली कुदळ मारायची.”

त्या कुदळीसाठी श्यामकांतरावांचा जीव किती अडकला होता, हे फक्त मीनाक्षीला, म्हणजे त्यांच्या पत्नीला ठाऊक होतं. माणसाचं अख्खं आयुष्य सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. दारावर नंबर, पंख्यावर नंबर, दिवाणावर नंबर, आणि दारासमोरच्या कचनाराच्या खोडावरसुद्धा पांढऱ्या रंगात नंबर. एकदा मीनाक्षीने लग्नाचा फोटो लावायला भिंतीत खिळा ठोकला, तर देखभाल विभागाचा माणूस येऊन भिंत कुणाची आहे ते समजावून गेला होता. तेव्हापासून श्यामकांतरावांची एकच इच्छा होती: जी जमीन आपली आहे तिच्यात आपल्या हाताने खड्डा करायचा, आणि कुणी काही विचारायला यायचं नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. इच्छा काही फार मोठी नव्हती.

यंत्र मिळवण्यासाठी फाइल फिरली. प्रात्यक्षिक कुणाला दाखवायचं, असा शेरा आला. शेतकऱ्यांना, असं उत्तर गेलं. कोणते शेतकरी, असा पुन्हा शेरा आला, तेव्हा श्यामकांतरावांनी संस्थेचे चोवीस सभासद ‘प्रगतिशील शेतकरी’ म्हणून लिहून दिले, त्यात संरक्षण खात्यातले तिघे आणि एक दंतवैद्य होता. खंडेनवमीच्या एका दिवसासाठी यंत्र मंजूर झालं. संध्याकाळी शेडमध्ये परत.

खंडेनवमीला सकाळी यंत्र निघालं. पुढचा हेड इतका रुंद की तो वेगळा ट्रॉलीवर घालून आणावा लागला. वाटेत हायवेवर पोलिसाने त्या हेडला अडवलं. गाडी म्हणावी तर इंजिन नाही, माल म्हणावा तर चाकांवर आलेला, आणि नंबर कुठेच नाही. “ये है क्या चीज?” पोलिसाने विचारलं. श्यामकांतरावांनी पुस्तिका पुढे केली. पोलिसाने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचायला घेतलं आणि मग जाऊ दिलं. सरकारी गद्याचा एवढा उपयोग श्यामकांतरावांनी प्रथमच पाहिला.

शेतावर चोवीस कुटुंबं जमली होती. ट्रॉलीवरून हेड उतरवून कंबाइनला जोडला गेला आणि सर्वांनी तो डोळे भरून पाहिला. पुढे पाच लांब सुळके, त्यांच्यामध्ये चार फटी. सुळक्यांनी ताटं फटीत घ्यायची, खालच्या रुळांनी ताट खाली ओढायचं, वरच्या दोन पट्ट्यांत कणीस अडकून तुटायचं आणि साखळ्यांनी ते मागे न्यायचं. श्यामकांतरावांनी हे सगळं समजावून सांगितलं. स्वतःचं लेखन प्रत्यक्षात उभं राहिलेलं पाहणं किती लेखकांच्या नशिबी असतं? यंत्र चालवायला खात्याने एक सरदारजी दिले होते. ते आजवर फक्त गव्हात यंत्र चालवत आले होते. पण मका काय, गव्हाचाच मोठा भाऊ, असं म्हणून त्यांनी मिशांवरून हात फिरवला.

खंडेनवमी म्हटल्यावर यंत्राची पूजा आलीच. मीनाक्षी पहाटे उठून झेंडूचे हार ओवत बसली होती, चांगल्या जाड सुतळीत. तिने पाचही सुळक्यांना हळद-कुंकू लावलं, चारही फटींवरून हार सोडले. नारळ फुटला, आरती झाली, पेढे वाटले. मग संस्थेच्या रिवाजाप्रमाणे सरदारजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि मोकाशींनी मुद्दा काढला.

“खंडेनवमीला पूजा केलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवत नाहीत,” ते म्हणाले. “निदान माझ्या घरी तरी नाही.”

श्यामकांतराव गडबडले. “पण संध्याकाळी यंत्र परत द्यायचंय हो.”

“ते तुमच्या खात्याचं झालं. मी शास्त्र सांगितलं.”

सभा तिथेच, बांधावर भरली. प्रभाताई ख्रिस्ती, पण मुहूर्त, सोवळं आणि वेळापत्रक या बाबतीत त्यांच्याइतकी कडक बाई साऱ्या संस्थेत नव्हती. त्यांनी तोडगा काढला. “पूजा मोडायची नाही. म्हणजे हार काढायचे नाहीत. हार तसेच ठेवून यंत्र चालवा. पूजा पण राहील, काम पण होईल.” सर्वांना हे इतकं पटलं की टाळ्या पडल्या. श्यामकांतरावांच्या पुस्तिकेत रुळांमध्ये काय-काय अडकू शकतं याची लांबलचक यादी होती: गवत, वेली, तारेचे तुकडे. झेंडू त्यात नव्हता. म्हणून त्यांचीही हरकत नव्हती.

सरदारजींनी यंत्र सुरू केलं. चारही हार एकदम आत गेले.

आधी झेंडूच्या पाकळ्या उडाल्या, त्या फार सुंदर दिसल्या. मग सुतळी रुळांना गुंडाळली, साखळ्या ताणल्या आणि हेडमधून कटकट-कटकट असा आवाज येऊ लागला. श्यामकांतरावांनी पान सात उघडलं आणि मोठ्याने वाचलं, “असा ध्वनी आल्यास क्लच घसरत आहे असे समजावे. प्रथम इंजिन बंद करावे.” इंजिन बंद केलं. सुतळी कापून काढेपर्यंत दुपारचे डबे उघडायची वेळ झाली. “गेहूं में तो कभी ऐसा नहीं हुआ, साहबजी,” सरदारजी म्हणाले. मीनाक्षीने उरलेला झेंडू गोळा करून पदरात घेतला.

दुसऱ्या खेपेला यंत्र श्यामकांतरावांच्याच प्लॉटच्या कडेला लावलं. पाऊलभर आत गेलं आणि जमिनीवर दाण्यांचा सडा पडला. पट्ट्यांमधली फट जास्त झाली, कणीस थेट रुळांवर बसतंय, असं पान नऊ सांगत होतं. फट कमी केली. आता ताटंच अडकून मोडायला लागली आणि कणसांऐवजी मागे कडब्याचा ढीग पडू लागला. फट किती ठेवायची याचं उत्तर पुस्तिकेत ‘कणसाच्या आकारमानानुसार’ असं होतं. हे वाक्य श्यामकांतरावांनी स्वतः फार विचार करून लिहिलं होतं, कारण मूळ आकडा लिहिला तर पुढे जबाबदारी येते.

लगेच सल्ले सुरू झाले. दंतवैद्य म्हणाले, अर्धा इंच बिल्कुल पुरे. संरक्षणवाल्यांनी दोन इंचांच्या खाली यायला नकार दिला. कुणाच्या मेहुण्याकडे उसाचा चरक होता, त्यावरून त्यांना सगळं कळत होतं. शेवटी प्रभाताई म्हणाल्या, “यार, भांडता काय, व्होटिंग घेऊ.” चोवीस आकडे आले. मोकाशींनी त्यांची सरासरी काढली. ती जवळपास सव्वा इंच निघाली. पट्ट्या सव्वा इंचावर बसवल्या.

आणि यंत्र चाललं. कुणाचाही विश्वास बसेना. लोकशाहीने त्या दिवशी योग्य उत्तर दिलं होतं, आणि तेही कुणा एकालाही ते ठाऊक नसताना. सुळके ताटांत शिरत होते, ताटं सरसर खाली जात होती, कणसं टपाटप तुटून मागे चालली होती. श्यामकांतरावांनी आपला मका पुस्तिकेतल्या अंतराने, सरळ ओळींत पेरला होता, म्हणून हेड त्या ओळींवर नीट बसला होता. ते यंत्राच्या बाजूने चालू लागले. चालता-चालता त्यांनी एक हात मागे घेतला, खात्याचे मोठे साहेब पाहणी करताना घेतात तसा. बांधावर मीनाक्षी उभी होती. तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. तिने मान डोलावली. एवढा एक क्षण त्या माणसाला मिळाला, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढच्या क्षणी त्यांचा प्लॉट संपला.

पुढे मोकाशींचा प्लॉट होता. मोकाशींनी ओळी आडव्या पेरल्या होत्या, कारण त्यांच्या बंगल्याचं तोंड पूर्वेला येणार होतं. मध्ये चौकोनी मोकळी जागा, ते देवघर. शेजारी दंतवैद्यांचा मका गोल होता. तिथे कारंजं होणार होतं. त्यापलीकडे कुणी स्वयंपाकघराचा ओटा सोडून पेरलं होतं, कुणी जिन्याखालची जागा. चोवीस कुटुंबांनी जुलैमध्ये शेत पेरलंच नव्हतं. त्यांनी आपापली घरं पेरली होती. चौधरी गाडीतून उतरला, बांधावर चढला आणि त्याने सगळीकडे नजर फिरवली.

“बाबूजी,” तो म्हणाला, “यो मक्की सै, के नक्सा सै?”

हेडला सरळ ओळी लागतात, सारख्या अंतराच्या लागतात. हे पान दोनवरच होतं. पण पान दोन प्रस्तावनेत मोडतं आणि प्रस्तावना कोण वाचतो, लिहिणारासुद्धा वाचत नाही. सरदारजींनी यंत्र आडव्या ओळींत घातलं. सुळक्यांनी ताटं फटीत घ्यायच्या ऐवजी आडवी लोळवली. कणसं उडू लागली. मोकाशींची कणसं दंतवैद्यांच्या कारंज्यात पडली, दंतवैद्यांची त्यापलीकडच्या जिन्याखाली. चौधरीच्या गाडीच्या टपावरही दोन बसली, तेव्हा तो जरा गंभीर झाला.

“ती कणसं माझी आहेत,” मोकाशी म्हणाले.

“माझ्या जागेत पडलीत,” दंतवैद्य म्हणाले.

“जागा तुमची असेल. कणीस माझं आहे.”

यावर दोघांनी अर्धा तास घालवला. आपुलकी संस्थेतलं ते पहिलं अतिक्रमण, आणि एक वीटही अजून बसायची होती. कणसं दोघांनीही मग नेली नाहीत, ती गोष्ट वेगळी.

हे भांडण रंगात असताना यंत्र मात्र चालूच होतं. सुळके खाली घ्या, म्हणजे लोळलेली ताटं उचलली जातील, असं श्यामकांतरावांनी पान अकरावरून सांगितलं आणि सरदारजींनी सुळके अगदी मातीला टेकवले. ताटं उचलली गेली. ताटांबरोबर खुंट्याही उचलल्या गेल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. मका पुरुषभर उंच, धूळ उडालेली, आणि सगळे कणसांकडे बघत होते. एक-एक खुंटी मुळासकट निघत गेली. सरदारजी व्यवस्थित माणूस. लोखंड दिसलं की ते खाली उतरत, उचलत आणि बांधाच्या कडेला नीट रचून ठेवत. अखेर एक खुंटी सरळ रुळांत गेली. बंदुकीसारखा आवाज झाला, हेड थरथरला आणि गप्प झाला.

धूळ बसली. अर्ध्याअधिक शेतात लोळलेला मका, मध्ये मेलेलं यंत्र आणि बांधावर खुंट्यांची मोळी. मोकाशी त्या मोळीजवळ गेले. त्यांनी एक खुंटी उचलून नंबर वाचला, मग सगळ्या शेताकडे पाहिलं.

“वाकनीस,” ते अगदी हळू म्हणाले, “माझा प्लॉट कुठे आहे?”

श्यामकांतरावांनी पुस्तिका मिटली.

त्या संध्याकाळी श्यामकांतरावांशी कुणी बोललं नाही, हे खोटं; सगळे त्यांना बोलले. मोजणीवाला दिवाळीनंतरच येणार होता. यंत्र न्यायला खात्याकडून कुणी येईना, कारण ते बंद अवस्थेत परत घेण्याची तरतूद नव्हती. क्वार्टरमध्ये परतल्यावर मीनाक्षीने पिठलं-भात वाढला आणि म्हणाली, “अहो, चूक सुतळीची पण होती. मी दोऱ्यात ओवायला हवे होते.” नवऱ्याचा मान राखायला बाईने किती दूर जावं, याची ती हद्द होती.

दसऱ्याला सकाळी मोकाशी दहा मजूर घेऊन शेतावर हजर. मजूर चौधरीनेच दिले होते. विळे चालले, उभा आणि आडवा मका सगळा निघाला, आणि विजयमुहूर्ताच्या आत जमीन साफ झाली. प्रभाताईंनी कुदळ मोकाशींच्या हातात दिली. मोकाशींनी ती उचलली, गुरुजींनी मंत्र सुरू केला, आणि दंतवैद्य पुढे आले.

“इथे नको. इथे माझं कारंजं आहे.”

मोकाशी चार पावलं सरकले. तिथे संरक्षण खात्याचा व्हरांडा निघाला. आणखी सरकले तर कुणाचा ओटा. ज्या-ज्या ठिकाणी कुदळ उचलली जाई, ती जागा त्याच क्षणी कुणाची तरी होई. आणि जिथे पहिली कुदळ पडली तो प्लॉट मोकाशींचा धरला जाईल, अशी प्रत्येकाला मनातून भीती. मुहूर्त चालला होता. गुरुजींना आणखी तीन ठिकाणी जायचं होतं.

“जी जागा कुणाचीच नाही, तिथे मारा,” प्रभाताई म्हणाल्या. शेताच्या टोकाला, एका कीकराच्या, म्हणजे बाभळीच्या, झाडापलीकडे थोडी पट्टी होती. ती कुणाच्या प्लॉटमध्ये येत नाही, यावर चोवीसही कुटुंबांचं एकमत झालं. जमिनीबाबत असं एकमत पेरणीनंतर प्रथमच झालं होतं.

मोकाशींनी त्या पट्टीकडे पाहिलं आणि कुदळ खाली ठेवली. “ज्या जागेचा कागद मी पाहिला नाही, तिथे मी कुदळ मारणार नाही. ऑडिटमध्ये जन्म गेला माझा.” मग ते वळले. त्यांचा आवाज काही प्रेमळ नव्हता. “वाकनीस, तुम्हाला हौस होती ना? या.”

श्यामकांतराव मागे, यंत्राच्या सावलीत उभे होते. त्यांना अपमान कळला, सगळा कळला. पण समोर कुदळ होती. ते पुढे आले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि कुदळ डोक्यावर नेली. मीनाक्षीने डोळ्यांना पदर लावला. कुदळ जमिनीत बसली, मातीचं ढेकूळ निघालं, टाळ्या पडल्या, कुणीतरी फोटो काढला. एक छोटासा खड्डा झाला. श्यामकांतराव त्या खड्ड्याकडे बघत राहिले. आयुष्यात त्यांनी केलेली ती पहिली मोडतोड होती जिला कुणी हरकत घेतली नव्हती.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. चौधरी मोबाइल कानाला लावूनच आला, बोलणं संपेपर्यंत थांबला, मग म्हणाला, “बाबूजी, कीकर तक थारी सै. कीकर तै आगे यो म्हारी जमीन सै. खड्डा भर द्यो, भैंस का पाँव पड़ ज्यागा.”

कुणी हसलं नाही. मोकाशीसुद्धा नाहीत. श्यामकांतराव खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी माती आत लोटली, वरून बुटाने दाबली. ढेकूळ मात्र पुरतं बसेना. ते पुन्हा बसले, बोटांनी फोडलं आणि सारखं केलं. मंडळी एव्हाना पेढ्यांकडे वळली होती.

मीनाक्षी त्यांच्याजवळ आली. दसऱ्याचं सोनं लुटायचं राहिलं होतं. दिल्लीत आपट्याची पानं कुठली मिळायला; कचनाराचं पान तसंच जोडीचं दिसतं, म्हणून सगळी मराठी मंडळी तेच वापरतात. तिने पर्समधून दोन पानं काढली आणि त्यांच्या मातीने भरलेल्या हातावर ठेवली.

“घ्या सोनं,” ती म्हणाली. “निदान एवढं तरी आपलं आहे.”

श्यामकांतरावांनी पानं पाहिली. “कुठून आणलीस?”

“कुठून म्हणजे? आपल्या क्वार्टरसमोरच्या झाडाची.”

श्यामकांतरावांना त्या झाडाचा नंबर पाठ होता. त्यांनी तो सांगितला नाही.